टेबलावर मावेल एवढं यंत्र

सरावलीत ज्याची छाती आमच्या शेजाऱ्यांनी आतून पाहिलेली नाही, तो माणूस कालपरवाच इथं राहायला आलेला असणार. बोईसरच्या एका छोट्या दवाखान्यात ते एक्सरे काढतात. "श्वास धरा" म्हणताना स्वतःचाही धरतात आणि पेशंटच्या आधी लालबुंद होतात. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नाहीत, हाडं राहतात. बाजारात एका गृहस्थांना त्यांनी "डावा खांदा कसा हाय?" असं अगत्यानं विचारलं आणि घरी येईपर्यंत त्यांचं नाव आठवत राहिले.

पण खरं वेड लेझरचं. परदेशातल्या प्रयोगशाळांत लेझरपासून एक्सरे बनवतात, हे त्यांनी मोबाइलवर वाचलं आणि आमची काही सुटका राहिली नाही. "लेझरचा झटका वायूच्या बारीक फवाऱ्यावर मारायचा. केसाहून बारीक ठिपक्यातून एक्सरे निघतो. ठिपका बारीक, तेवडा फोटो स्वच्छ! आमच्या मशीनला दिसत नाय ते त्याला दिसेल. आनी पुढंमागं टेबलावर मावेल!" तेव्हापासून जातील तिथं ते टेबल मोजतात. आमच्याकडे तर पोह्यांची बशी सारून त्यांनी जेवणाच्या टेबलावर पेन्सिलीनं चौकोनच आखला. बायको भडकली. मी त्यांना सरळ वेड्यात काढलं.

पुढं बायकोचा खोकला जाईना. एक्सरे यांनीच काढला. डॉक्टर म्हणाले, काही नाही. आम्ही निर्धास्त झालो, तर संध्याकाळी हे फिल्म घेऊन दारात. "वहिनी, आमच्या मशीनला दिसलं नाय म्हंजे नायच असं नाय. उद्या मोठ्या हॉस्पिटलात चला, मी येतो." कारखान्यात रजा मिळायची नाही म्हणून मी वैतागलो. ते हलेचनात. तिथल्या स्कॅनमध्ये हृदयाच्या आड लपलेली गाठ निघाली. लहान होती, म्हणून काढता आली. बायको आज ठणठणीत आहे आणि त्यांचे धड आभार मानायला मला अजून जमलेलं नाही.

आता ते निवृत्त होऊन वाणगावला मुलाकडे जाणार आहेत. "माज्या हातात काय येत नाय ते यंत्र," परवा पहिल्यांदाच म्हणाले. बायको टेबल पुसत होती, नेहमीसारखी चौकोन सोडून. "येईल हो भाऊ. जागा ठेवलीय ना आम्ही," ती म्हणाली.

ते खिशातून टेप काढून चौकोन पुन्हा मोजू लागले. मी उठलो आणि टेपचं दुसरं टोक धरलं.