आजोबांच्या धोतराची झबली

आम्हा विणकरांच्या घरात बाळाचं पहिलं झबलं आजोबांच्या जुन्या धोतराचं शिवतात. कापड मऊ असतं, आणि आजोबांचं आयुष्य नातवाला लाभतं म्हणतात. आमचे हे तेव्हा टीबीने खाटेला लागले होते, माग बंद होता. मुलीला मुलगा झाल्याचं कळल्यापासून रोज विचारत, "माह्या धोतराचे शिवून राहिली न वं?"

धोतर उकळून, उन्हात वाळवून मी चार झबली शिवली आणि मुलीच्या सासरी नेली. तिच्या सासूने पिशवी उघडलीच नाही. "राग नका मानू, पण टीबीवाल्याचं कापड लेकराले नाही घालत आम्ही. सीताबर्डीवर नवे भेटतात." मुलगी खाली मान घालून बसली. सासूचं चुकलं असं मलाही म्हणता येईना.

"पोरानं घातलं काय?" घरी येताच यांनी विचारलं.

"घातलं," मी म्हणाले.

खोकल्याला फडकी लागतच होती, म्हणून झबली उसवून मी यांच्या उशाशी ठेवली. एक फडकं तोंडाला लावता लावता यांनी उजेडाकडे धरलं. त्यावर उसवलेल्या टाक्यांची भोकं होती, गळ्याचा गोल काप होता. नातवाबद्दल यांनी पुन्हा विचारलं नाही.