ताकदीच्या इंजेक्शनची ओटी

आमच्या अपेक्षावहिनीला पीसीओएस आहे. पाळी महिनोन्महिने गायब, वजन चढतं, आणि हनुवटीवर केस. ते ती दार लावून उपटते. बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी वजन उतरवायचं इंजेक्शन लिहून दिलं, दर आठवड्याला पोटावर टोचायचं. मी सोबत होते, त्यामुळे बाईंचा आवाज मला पक्का जमतो, नाकातून, शेवट ओढून: "मळमळेल हंऽ, भूक मरेल, घाबरायचं नाहीऽ. आणि हे चालू असताना दिवस राहू द्यायचे नाहीत. वजन उतरू दे, पाळी लागू दे, मग बंद करून बघू."

वहिनी नुसती मान हलवत होती. तिला मूल हवं होतं, म्हणून तर ती तिथे बसली होती.

घरी आल्यावर शेखरदादानं ते इंजेक्शनचं पेन फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे ठेवलं आणि आईला सांगितलं, ताकदीचं इंजेक्शन आहे. सुनेला पाळीचा आजार आहे हे आईला सांगितलं असतं, तर पुढच्या बाजाराच्या दिवशी अख्ख्या धाड गावाला कळलं असतं.

मग वहिनीच्या उलट्या सुरू झाल्या. भाकरी पुढे आली की तोंड फिरवायची, फोडणीचा वास आला की मागच्या दारी पळायची. शेजारच्या विमलबाई ओट्यावर बसून हे बघत होत्या. एक डोळा बारीक करून, पदराआडून आईला म्हणाल्या, "शालूबाई, पोरगी वकून राह्यली, वरतून ताकदीचं इंजेक्शन. अजून काय पाह्यजे वो तुमाले?"

एसटीच्या कंडक्टरशी जागेवरून भांडणारी माझी आई चक्क लाजली.

तेव्हापासून वहिनीला कळशी उचलायची बंदी झाली. चिंचा आल्या, बोरं आली, तुपातला शिरा आला. भूक मेलेली, आणि समोर सासू ताट धरून उभी. वहिनी दादाच्या मागे लागली की आता तरी खरं सांगा. दादा शर्टाची कॉलर नीट करत म्हणायचा की सांगतो ना, जरा मूड पाहून. आईचा मूड तर रोजच इतका चांगला होता की दादाची हिंमतच होईना.

शेवटी आईनं बाजारातून हिरवा खण आणला. तिसऱ्या महिन्यात कुणाला न कळवता भरतात ती चोरओटी. कुणाला न कळवता म्हणजे बैठकीत विमलबाई आणि गल्लीतल्या बाया. दादाला नेमकं त्याच सकाळी मलकापूरला काम निघालं.

आतल्या खोलीत पाट मांडला. पडद्याअलीकडे आम्ही तिघीच. आईनं ओंजळीत तांदूळ घेतले, वर नारळ, आणि वहिनीनं हात जोडले.

"आत्याबाई, थांबा. मले दिवस नाहीत."

आईला वाटलं, नजर लागू नये म्हणून म्हणतेय. ती हसली. वहिनी एका दमात बोलून गेली, "ते बारीक व्हाचं इंजेक्शन हाय. माही पाळीच धड येत नाही. त्याच्यानंच उलट्या होऊन राह्यल्या."

आईची ओंजळ तशीच. पडद्यापलीकडे विमलबाई खाकरल्या.

"आता बोलून राह्यली तू?" आई कुजबुजली. "बाहेर बाया बसल्या. पदर पसर."

"खोटी ओटी नका भरू, आत्याबाई."

"पदर पसर म्हनते ना."

वहिनीनं पदर पसरला. तांदूळ पडले, नारळ पडला. मग तिला उठवून, तसाच भरला पदर धरून, बायांच्या पाया पडायला बाहेर नेलं.

आता इंजेक्शनच्या दिवशी पेन आईच काढून देते. वहिनी आत गेली की दार ओढून घेते आणि त्याला पाठ लावून उभी राहते. विमलबाई आवळ्याचं लोणचं घेऊन हजर होतातच. कितवा लागला, म्हणून विचारतात.

"चवथा," आई सांगते.

आत वहिनी पोटावर सुई धरून ऐकत असते, आपल्याला कितवा लागला ते.