बर्फाच्या गाडीचं इंजिन

ज्या सकाळी मामांच्या पिकअपला दुसरं इंजिन बसवायचं होतं, त्याच सकाळी मला मरोळच्या एका कंपनीतून फोन आला. हिशेब खात्यात माझी निवड झाली होती. सोमवारपासून यायचं होतं.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. तालुक्याच्या गावाहून मामांनी मला अंधेरीला आणलं, आपल्या एका खोलीत ठेवलं आणि याच पिकअपवर कमावून शिकवलं. कारखान्यातून बर्फाच्या लाद्या भरायच्या आणि पहाटे वर्सोव्याच्या बंदरावर उतरवायच्या, हा त्यांचा धंदा. म्हणून बातमी पहिली त्यांनाच द्यायची, पण काम आटोपल्यावर, पेढे घेऊन, असं मी ठरवलं.

जुनं इंजिन तापून जाम झालं होतं. मामांनी तशाच एका भंगारात निघालेल्या गाडीचं इंजिन मिळवलं. गाडी चालू करून ते ती विकणार, अशी माझी समजूत होती. काचबिंदूमुळे त्यांना बाजूचं दिसेनासं झालं होतं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली होती.

गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड. जुनं इंजिन मिस्त्रीने साखळीने ओढून आधीच बाहेर काढलं होतं. आता दुसरं तसंच वरून सोडायचं आणि मागच्या गिअरबॉक्सला जुळवायचं. गिअरबॉक्स धरायला खाली कोणीतरी हवं होतं. मी सडपातळ, म्हणून मी शिरलो. पाठीखाली पुठ्ठा. गिअरबॉक्सला जॅकचा आधार होता, पण तो घसरू नये म्हणून माझे दोन्ही हात त्याला लावलेले. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला मिस्त्रीचे पाय.

"हलू नकोस रे," मिस्त्री म्हणाला. "गिअरबॉक्सचा शाफ्ट इंजिनच्या क्लच प्लेटमध्ये गेला की सुटलास."

मग त्याने मामांना विचारलं, "शेठ, तुमचे डोळे हे असे. ड्रायव्हर ठेवणार काय?"

"ड्रायव्हर कशाला? खाली झोपलाय ना."

"ग्रॅज्युएट?"

"मग? लायसन काढून दिलंय त्याला. परीक्षा झाली, आता मोकळाच आहे. नाहीतर हे इंजिन घालायला मी काय येडा आहे?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि काळं तेल ओठावर टपकलं. असं आडवं पडून सांगायची ही गोष्ट नाही, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर उभा असतो तरी शब्द सापडले नसते.

शाफ्ट काही आत जाईना. मिस्त्री इंजिन हलवी, मी गिअरबॉक्स उचलून धरी, पण शाफ्टचे दात प्लेटच्या दातांवर नुसते आपटत.

"गिअरबॉक्सच्या मागचं टोक हाताने जरा फिरव," तो म्हणाला.

मी फिरवलं. खट् आवाज झाला, इंजिन मागे सरकलं आणि मधली फट मिटली. मिस्त्रीने शीळ घातली. मला मात्र आपणच आतून कडी लावून घेतल्यासारखं वाटलं.

पाइप आणि वायरी जोडून दुपारी इंजिन सुरू झालं. मामांनी नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि चावी माझ्यापुढे धरली.

"बस. पहिली फेरी तुझी."

"मामा, मला नोकरी लागली. मरोळला. सोमवारपासून."

मिस्त्री हात पुसायचा थांबला. मामांची चावी तशीच पुढे होती.

"कितीला जायचं?"

"नऊला."

"नऊला ना? बर्फ साडेसहाला उतरून होतो. मरोळ काय लंडनात आहे? आंघोळ करून आरामात जाशील." मग ते मिस्त्रीकडे वळले. "बघ, साहेब झाला माझा भाचा."

त्यांचे डोळे भरले होते. ते रागावले असते तर मी वाद घातला असता. त्या आनंदासमोर काय बोलायचं होतं? मी चावी घेतली.

मामा शेजारी बसले. शेडमधून बाहेर पडताना डावीकडून रिक्षा आली. ती त्यांना दिसलीच नाही. मी ब्रेक दाबला.

"झकास उचलतंय रे," ते डॅशबोर्डवर थाप मारत म्हणाले. "आता दहा वर्षं बघायला नको."

"हो मामा," मी म्हणालो आणि रिक्षा पुढे जायची वाट पाहिली.