बोंगछी मास्तरची पेटी

बोंगछीला कुणी गोड बोललेलं कधी सोसलं नाही, आणि तिच्याशी गोड बोलायची हौसही फारशी कुणाला आली नाही. नावापासूनच सगळं वाकडं. तिकडच्या बोलीत बोंगछी म्हणजे, झालीच आहे तर वाढवा. चौथीही मुलगीच झाल्यावर बापाने हे नाव ठेवलं आणि पोर जरा कळती होताच करार करून तिला आचुनबाईच्या फडात सोडून दिलं. वाढवायचं कामसुद्धा त्याने दुसऱ्याच्या गळ्यात घातलं.

आचुनबाईचा फड दक्षिणेकडच्या गावांमधून देवळांपुढे खेळ करायचा. देवाचा वाढदिवस असला की दुपारी एक खेळ, संध्याकाळी एक. लिहिलेलं नाटक त्या फडात कुणी पाहिलं नव्हतं. खेळाआधी सगळ्या जणी आरशापुढे तोंडं रंगवत बसायच्या आणि हायलिओंग मास्तर लाल पेटीवर बसून आज काय करायचं ते सांगायचे. तू राणी, तू सेनापती, तू इथून येतेस, ही तुला अडवते, मग तू रडत जातेस. बस्स, तेवढ्यावर रंगमंचावर जायचं आणि बोलणं, गाणं, भांडण सगळं आपल्या पोटातून काढायचं. ज्याचं पोट रिकामं त्याची गावासमोर शोभा. बाकीच्या पेट्यांवर कुणीही बूड टेकायचं, पण त्या लाल पेटीवर खुद्द आचुनबाई बसत नसत.

बोंगछीला त्याच पेटीवर बसायचं होतं. ती फडात पुरुषांची कामं करायची आणि करायचीही झोकात. गावोगावच्या बाया तिला हार घालायच्या. त्याचं तिला काही वाटायचं नाही. आज कोण मरणार आणि कोण वाचणार हे जो ठरवतो, त्याला कुणी करारावर सोडून जाऊ शकत नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

मास्तरांचं आणि तिचं बिनसलं ते एका भावामुळे, तोही खेळातला. खेळात सेनापतीवर आळ येतो, त्याची बायको गरोदर असते, ती पळून जाते आणि तिच्याऐवजी तिचा दीर तुरुंगात जातो. मास्तरांनी तोंडात सुपारीचा तोबरा ठेवून सगळा खेळ सांगितला. आळ फिटला, सेनापती परत आला, मुलगा वयात आला, लग्न लागलं. एकोणीस वर्षांची बोंगछी भुवया काढता काढता आरशातूनच म्हणाली, "मास्तर, तो सेनापतीचा भाऊ तुरुंगातच राहिला की."

फडातला सोंगाड्या हसत हसत आपल्या पेटीवरून खाली पडला. आचुनबाईंनी तोंडावर पदर, म्हणजे त्यांचा तो रंग पुसायचा फडका, धरला. मास्तरांनी डब्यात लाल पिंक टाकली आणि हसणारे सगळे गप्प होईपर्यंत वाट पाहिली.

"फार लक्ष असतं तुझं," ते म्हणाले. "मग इथून पुढं तुझं तू बघ."

त्या दिवसापासून मास्तर सगळ्यांना त्यांची त्यांची कामं सांगायचे, बोंगछीची पाळी आली की तुझं तू बघ, आणि विषय बंद. बोंगछीला आधी वाटलं, चार दिवसांचा राग आहे, निवळेल. तो कसला निवळतोय. एका गावात ती नवरदेवाच्या वेशात, लग्नाचं गाणं गात झोकात आत शिरली, तर रंगमंचावर सगळ्या जणी पांढऱ्या पट्ट्या बांधून धाय मोकलून रडत होत्या. नवरी मेली होती. हे तिला सोडून सगळ्या फडाला माहीत होतं. समोरचं गाव खदाखदा हसलं. बोंगछीने गाणं थांबवलं नाही. तेच लग्नाचं गाणं दुःखाने वेडा झालेल्या माणसासारखं शेवटपर्यंत म्हटलं, आणि हसणाऱ्या बायांचे चेहरे बदलले. ती आत आली. मास्तर निवांत पान जमवत बसले होते.

मग तिने पोट भरायला घेतलं. रेडिओवरच्या गोष्टी, बाहुल्यांच्या खेळातल्या शिव्या, प्रेतापुढे पैसे घेऊन रडणाऱ्या बायांची कवनं, देवळातल्या कौलाच्या चिठ्ठ्यांवरचे श्लोक, मिळेल ते तिने पाठ केलं. तिला वाचता येत नव्हतं. जो वाचून दाखवील त्याच्या मागे लागायची आणि दोनदा ऐकून तिसऱ्यांदा म्हणून दाखवायची. आणि आणखी एक गोष्ट ती शिकली, जी तिला कुणीच शिकवली नसती. ती खेळाआधी दुसऱ्यांच्या हातांकडे बघायची. एखादीने टोपीखाली आधीच पांढरी पट्टी बांधून ठेवली म्हणजे आज कुणीतरी मरणार. लाल फूल बाजूला काढलं म्हणजे लग्न. सोंगाड्याने गळ्यात लाकडी फळी अडकवायची तयारी केली म्हणजे तुरुंग. न सांगितलेला खेळ ती असा हातांवरून वाचायला लागली, आणि मास्तरांना ते कळलं तेव्हा त्यांनी सगळ्यांना बजावलं की सामान हिच्यासमोर काढू नका. बायका सामान आडोशाला काढू लागल्या. त्यांचंही काही चुकलं नाही. काम मास्तर वाटायचे.

अशी बरीच वर्षं गेली. दोघांनी एकमेकांचा द्वेष अगदी मन लावून केला. दोघांपैकी एकानेही फड सोडला नाही.

सोडला तो मास्तरांनी, आणि नेमका माझू या समुद्रदेवीच्या वाढदिवशी. समुद्रकाठच्या त्या गावात देवळाच्या चौकात दोन रंगमंच समोरासमोर उभे असायचे, दोन फड एकाच वेळी खेळ करायचे, आणि ज्याच्याकडे लोक जास्त, त्याला पुढच्या वर्षीचं बोलावणं. सकाळी उठून बघतात तर मास्तर समोरच्या फडात चहा पीत बसलेले. त्या फडाने जास्त पैसे देऊ केले होते म्हणे. आचुनबाई रडायला लागल्या, सोंगाड्या शिव्या द्यायला लागला, आणि बोंगछी जाऊन लाल पेटीवर बसली.

"ऊठ तिथून," आचुनबाई म्हणाल्या. "ती मास्तरांची जागा आहे."

"मास्तर समोर आहेत. पेटी इथं आहे. तोंडं रंगवायला घ्या."

तिने खेळ सांगायला सुरुवात केली, आणि सांगितला तोच, सेनापतीचा. सोंगाड्या म्हणाला की अगं, ते समोर हाच खेळ लावतील, हा त्यांच्या हातचा मळ आहे. बोंगछी म्हणाली, लावू देत, मी त्याचीच वाट बघतेय. प्रत्येकीला तिने तिचं काम सांगितलं, काहीही हातचं न राखता, कारण आज तिला जिंकायचं होतं.

संध्याकाळी दोन्हीकडचे कर्णे एकमेकांवर भुंकायला लागले. लोक आपापली बाकडी, स्टुलं घेऊन आले होते आणि बहुतेकांनी तोंड समोरच्या फडाकडे केलं होतं, कारण मास्तरांचं नाव मोठं. इकडे पुढे चार म्हाताऱ्या आणि शिंपल्यांचं धिरडं खात बसलेलं एक कुटुंब. बोंगछी काम करून विंगेत आली की कान समोर लावून ऐकायची. समोर आळ आला. दीर तुरुंगात गेला. सेनापती परतला. मुलगा वयात आला. समोर सनई वाजायला लागली तशी बोंगछीने सोंगाड्याचा दंड धरला, त्याचे केस मोकळे सोडले, गळ्यात फळी अडकवली आणि त्याला काय करायचं ते कानात सांगितलं.

सोंगाड्या रंगमंचाच्या अगदी कडेला गेला, समोरच्या फडाकडे तोंड करून उभा राहिला आणि माइकमध्ये ओरडला, "ओ सेनापती! लग्नाला बसलात होय? आणि मला सोडवणार कोण, तुमचा मेलेला बाप? भिंत फोडून या गरिबांच्या फडात आलो बघा, तुमच्याकडं कुणी दारच उघडंना!"

आधी म्हाताऱ्या हसल्या. मग चौकभर हसू पसरलं आणि लोकांनी स्टुलं फिरवायला सुरुवात केली. बाकडी घासल्याचा आवाज दोन्ही कर्ण्यांपेक्षा मोठा होता. समोर लग्न लागलं ते लोकांच्या पाठींसमोर. मास्तर विंगेतून बाहेर आलेले बोंगछीने पाहिले. त्यांच्या हनुवटीवरून सुपारीचा लाल ओघळ आला होता आणि तो पुसायचं त्यांना भान नव्हतं. तिला फार बरं वाटलं, आणि ते तिने लपवलंही नाही.

त्यानंतर मास्तरांना कुठल्याच फडाने पेटीवर बसवलं नाही. भाऊ विसरणारे मास्तर हे नाव त्यांच्या आधी गावात पोचायचं. ते हमरस्त्यावर पानाचं दुकान टाकून बसले. बोंगछी हंगामात तिथून जाताना मुद्दाम थांबायची आणि हात पुढे करायची. मास्तर तिला पान लावून द्यायचे, चुना इतका की तिची जीभ सोलून निघायची. ती तिथेच उभी राहून ते पान शेवटपर्यंत चघळायची. मास्तर मेले तेव्हा ती मयताला गेली नाही; त्या दिवशी खेळ होता आणि तिने खेळात कुणालाच मारलं नाही, कारण पांढरं बांधायची तिची इच्छा नव्हती.

बोंगछी म्हातारी झाली तेव्हा फड चालवणं कठीण झालं होतं आणि फडाविषयी शिबिरं भरवणं सोपं झालं होतं. सरकारी खात्यातला शिए नावाचा पोरगेला अधिकारी तिला घ्यायला आला. नाटककार आणि रंगकर्मींसाठी व्यावसायिक कौशल्यांचं शिबिर होतं. बोंगछीने अट घातली की लाल पेटी सोबत येईल. दोन माणसांनी ती तिसऱ्या मजल्यावर चढवली.

तिच्याआधी एका बाईंनी आपलं नाटक थोडक्यात कसं सांगावं, अनुदानाचा अर्ज कसा भरावा आणि ओळखी कशा वाढवाव्यात ते शिकवलं. ओळखी वाढवा म्हटल्यावर बोंगछीला फिस्सकन हसू आलं. मग शिएने तिची ओळख करून दिली आणि शेवटी गोड आवाजात विचारलं की, गुरूंनी मुद्दाम अवघड परीक्षा घेऊन तुम्हाला घडवलं, असंच म्हणायचं ना?

"नाही," बोंगछी म्हणाली. "त्याला मी डोळ्यांसमोर नको होते. मलाही तो मेलेलाच बरा वाटायचा. पुढं विचार."

तिने पेटी उघडून फुलं, फळी, पट्ट्या बाहेर काढल्या आणि शिबिरातल्या मुलामुलींना कामं वाटून खेळ सांगितला. राजाला शत्रू घेरतो, राणी बाळाला दाईच्या टोपलीत घालते, दाई नदीत उतरते. सांगता सांगता बोंगछी रंगात आली. तिचा आवाज फाटका झाला होता, पण पोट अजून भरलेलं होतं. पोरं वह्या बाजूला ठेवून ऐकायला लागली. खेळ राज्याभिषेकापर्यंत आला आणि ती थांबली.

तिसऱ्या रांगेत यूथोंग नावाची एक बारकी मुलगी होती. तिला दाईचं काम मिळालं होतं. तिने हात वर केला.

"मास्तर, मी अजून नदीतच उभी आहे," ती म्हणाली. "टोपली डोक्यावर घेऊन."

सगळे हसले. शिए सगळ्यात जोरात हसला आणि टाळ्या वाजवत म्हणाला की पाहा, याला म्हणतात लक्षपूर्वक ऐकणं. मुलगीही हसली, तिच्या मनात काही नव्हतं, हे बोंगछीला स्वच्छ दिसत होतं. तरी तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हसणाऱ्यांच्या तोंडाला खळ पडेपर्यंत ती थांबली, आणि थांबलेली असतानाच तिला कळलं की आपण कुणासारख्या थांबलो आहोत. कळून काही फरक पडला नाही. त्या पोरीचं ते हसरं तोंड तिला बघवत नव्हतं.

जेवणानंतर तिने दुसरा खेळ लावला. एकेकाला जवळ बोलावून, कुठून यायचं, कुणाला अडवायचं, कधी रडायचं, अगदी समजावून सांगितलं. मुलं आपापलं सामान उचलून जागेवर गेली. शेवटी यूथोंग पेटीपुढे येऊन उभी राहिली.

"माझं काय, मास्तर?"

"तुझं फार लक्ष असतं. तुझं तू बघ."

मुलीला वाटलं, पुढे काहीतरी येईल. आलं नाही. शिए चुळबुळला, पण तज्ज्ञ बाईंना मध्येच टोकायचं कसं, म्हणून हातातले कागद चाळू लागला. यूथोंगने वाद घातला नाही. ती आपल्या जागेवर गेली, आणि खाली मान घालूनच सगळ्यांच्या हातांवरून नजर फिरवू लागली. या मुलाच्या हातात तलवार. त्या दोघींकडे लाल फुलं. एकाच्या खिशातून फळीची दोरी लोंबत होती. मनाशी काहीतरी जुळवताना तिचे ओठ हलत होते. मग तिची नजर पेटीकडे वळली, बोंगछीच्या शेजारी पडलेल्या पांढऱ्या पट्टीच्या शोधात.

बोंगछीने पट्टी उचलली आणि मांडीखाली दाबून तिच्यावर बसली.