बिशपसाहेबांनी घेतलेली तोंडी परीक्षा

आमच्या इंद्रभानच्या दारावरची पाटी वाचायला मला दोनदा दम घ्यावा लागतो. आधी 'राइट रेव्हरंड', मग 'डॉक्टर', मग तीन पदव्या, आणि सगळ्यांच्या मागे, पंगत उठल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखा, खुद्द इंद्रभान. मे महिन्यात मलकापुरात कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. हा मात्र गळ्यापर्यंत जांभळा झगा चढवून बसतो. बिशप आहे ना! घाम आला तरी तो अधिकृत घाम असतो.

आम्ही दोघं वडनेर भोलजीचे. गावात ख्रिस्ती घरं मोजून अकरा. त्याची आई कापूस वेचायला जाताना त्याला झुंबरबाईंच्या ओट्यावर सोडून जायची. झुंबरबाई आमच्या चर्चच्या मंडळीच्या बायबलबाई, म्हणजे घरोघर जाऊन बायकापोरांना येशूच्या गोष्टी सांगणाऱ्या. स्वतःला अक्षर येत नव्हतं. नवरा वाचून दाखवायचा, त्या कानांनी पाठ करायच्या आणि आपल्या बोलीत सांगायच्या. एकाच पोत्यावर बसून मी आणि इंद्रभान त्या गोष्टी ऐकत वाढलो.

हुशार होता, हे मान्य. मिशनच्या वसतिगृहात गेला, तिथून धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात. पहिल्याच सुटीत आला तेव्हा त्याच्या 'मले'चं 'मला' झालं होतं. पुढे प्राध्यापक झाला, प्राचार्य झाला. बावीस वर्षं त्याने पोरांना उपदेश कसा करावा हे शिकवलं. त्याच्या स्वतःच्या उपदेशाला पहिल्या बाकावरचे लोक डुलक्या काढत. डॉक्टरेट मिळाली ती वऱ्हाडी बोलीतल्या शुभवर्तमानावर. प्रबंधात सतरा गोष्टी, सतराही झुंबरबाईंच्या. पहिल्या पानावर मार्गदर्शकांचे आभार होते, ग्रंथपालांचे होते, टंकलेखकाचेही होते. झुंबरबाई तळटीपेत होत्या, 'एक निरक्षर वृद्धा' म्हणून. तेव्हा त्या डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन दोन कोस चालत होत्या.

सहा वर्षांपूर्वी तो बिशप झाला. त्या निवडणुकीत कोणी कोणाला कुठे जेवायला नेलं, ते मी लिहीत नाही. मीही जेवलो होतो.

गेल्या वर्षी साहेबांनी परिपत्रक काढलं. प्रमाणपत्राशिवाय कोणीही उपासनेत बोलायचं नाही, पोरांच्या रविवारच्या शब्बाथशाळेत शिकवायचं नाही. लिहिता न येणाऱ्यांची तोंडी परीक्षा होईल. पाठ्यपुस्तक अर्थातच त्याचा प्रबंध. अशा रीतीने चौऱ्याऐंशीव्या वर्षी झुंबरबाईंना परीक्षा आली. रविवारी पोरांना गोष्ट सांगणं, एवढंच त्यांच्यापाशी उरलं होतं. "थे बी गेलं तं मी आयतवारी काय करू रे?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मी भागवत, मंडळीचा सचिव, निवृत्त शिक्षक. मी म्हणालो, "बाई, पुस्तकातल्या गोष्टी तुमच्याच आहेत. तुम्ही नापास कशा व्हाल?" तीस वर्षं पेपर तपासूनही मला अक्कल आली नव्हती.

परीक्षा आमच्या चर्चमध्येच झाली. टेबलामागे साहेब, शेजारी गुणपत्रक घेऊन मी, समोर झुंबरबाई.

"काऊन बापू, लय वाळला तू. जेवत नाही का बरोबर?"

"परीक्षार्थींनी फक्त प्रश्नाचं उत्तर द्यावं," बिशपसाहेब म्हणाले. "हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगा."

बाईंनी पदर सावरला. "नव्व्याण्णव मेंढरं सोडून धनगर निंगाला. दिवस बुडाला. पायात बाभळीचा काटा मोडला. हाका मारू मारू गळा बसला, पण तो काही परतला नाही. दुसऱ्या दिवशी भेटलं मेंढरू, खदानीत पडेल, अर्धमेलं. त्यानं थे खांद्यावर घेतलं अन् लंगडत लंगडत घरी आला."

खिडकीत पोरं जमली होती. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल, तरी गुण लिहायचं विसरून ऐकत राहिलो. इंद्रभानने पुस्तकाचं पान उलटलं.

"चूक. पुस्तकात मेंढरू दिवस बुडायच्या आत, गावच्या विहिरीपाशी सापडतं. काटा नाहीच. वऱ्हाडी परंपरेत धनगराला कष्ट होत नाहीत, असा माझा निष्कर्ष आहे. त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे."

बाई जरा विचारात पडल्या, मग बोळकं पसरून हसल्या. "हाव बापू, तशी बी सांगतली होती मी. एकदाच. तुले. तुही माय वावरातून आली नव्हती, अंधार पडून राह्यला होता, अन् तू रडून राह्यला होता. म्हून मी मेंढरू लवकर सापडवलं. बाकीच्यायले काट्याचीच सांगते."

मी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता हा उठेल, बाईंचा हात धरेल. निदान ते प्रकरण तरी मनातल्या मनात फाडेल. इंद्रभानने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मावशी, पुस्तक छापून झालंय," तो म्हणाला. "तिसरी आवृत्ती आहे." आणि माझ्याकडे वळून, "भागवत, नापास लिही."

मी लिहिलं. त्याचा मला राग येतो, तेवढाच माझाही येतो, आणि हे सगळं सांगत बसलोय ते त्यासाठीच.

बाईंना समजलं. त्या काठी टेकत उठल्या, टेबलाला वळसा घालून त्याच्यापाशी गेल्या. आमच्या धर्मप्रांतात डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा मान बिशपचा. बाईंनी त्याच्याच डोक्यावर हात ठेवला आणि केसांतून फिरवला.

"जाऊ दे बापू," त्या म्हणाल्या. "रडू नको."

तो रडत नव्हता. त्याने केस नीट केले आणि मला पुढच्या परीक्षार्थीला हाक मारायला सांगितलं. वडनेरातून परीक्षेला बसलेल्या त्या एकट्याच होत्या.