माणिकबाईच्या तुराट्या

आमच्या अमरावतीच्या गल्लीत माणिकबाईचं माहेर माझ्या डाव्या भिंतीला आणि सासर उजव्या भिंतीला. बाईनं जन्मात एवढाच प्रवास केला, असं मी तिच्या तोंडावर म्हणतो आणि ती मला विळा दाखवते. परसात ती दरवर्षी तुरीच्या चार ओळी लावते. शेंगा शेजारणींना वाटून टाकते. तिला हव्या असतात त्या तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या. माळ्यावर त्यांची मोळी, मोळीवर दुसरी मोळी. म्हातारीला सरणालाही तुराट्याच लागणार, असं मी गल्लीभर सांगून ठेवलं आहे. लोक हसतात. ती तेवढी हसत नाही.

तिच्या न हसण्याचं कारण मला ठाऊक आहे. ते घडलं तेव्हा मी तिथंच उभा होतो, हातात खरबुजाची फोड घेऊन.

चौतीस वर्षं झाली. सातासमुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. माणिकचे मामा खुशालराव दर्यापूरच्या अंगाला, पूर्णेच्या काठी राहायचे. दोन सालांत मामाजी असे फुगले की बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. त्या उन्हाळ्यात त्यांनी बहिणीला निरोप धाडला: लेकरं घेऊन ये, शेजारीपाजारी आण, यंदा आठ दिवस नदीत राहू.

नदीत म्हणजे वाळूत. उन्हाळ्यात पूर्णा आटते, डोहात तेवढं हिरवं पाणी उरतं आणि बाकीच्या पात्रात भोई लोक टरबूज-खरबुजाच्या वाड्या करतात. तिथं मामाजींनी साहेबासारखी राहुटी ठोकली. माणिकची आई, माझी आई, दहा वर्षांची माणिक, तिची सहा वर्षांची बहीण शकुन आणि नऊ वर्षांचा मी, असे आम्ही तिच्यात शिरलो. सकाळी डोहात डुंबायचं, दुपारी राहुटीत लोळायचं, उन्हं उतरली की वाळूत घरं बांधायची. घर कोणाचंही असो, मोडायचं काम माझं.

त्या मुलखातल्या विहिरी खारट. गोडं पाणी हवं तर वाळूत झिरा खणावा लागतो. खड्डा खणायचा आणि त्यात तुराट्यांचं बिनबुडाचं डालं उतरवायचं, म्हणजे कडेची वाळू आत ढासळत नाही, पाणी तेवढं काड्यांतून पाझरतं. मग सगळ्यांत हलकं लेकरू हाताला धरून आत सोडायचं. ते वाटीवाटीनं गडू भरून वर देतं. मोठं माणूस उतरलं की पाणी गढूळ होतं आणि डालंही टिकत नाही.

पण यंदा तुराट्या आणायच्या कुठून? मामाजींनी आणि त्यांचं बघून साऱ्या गावानं तुरीच्या ओळी काढून सगळं रान कापसाखाली घातलं होतं. मामाजींनी गड्याकडून पऱ्हाटीचं डालं विणून घेतलं. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड. तिची काडी वाकवायला जावं तर मोडते. शेजारच्या वाडीची म्हातारी पार्बताबाई भोईण ते डालं हाताळून म्हणाली, "पाटील, पऱ्हाटी चुलीत बरी. झिऱ्यात नोका घालू, लेकरू उतरते तिथं."

ज्या पऱ्हाटीनं चांदी दिली ती वाळू धरणार नाही होय, असं मामाजींनी विचारलं. वर, तुराटीच्या कुडाच्या झोपडीत राहणारीनं आम्हाला शहाणपण शिकवू नये, असंही सुनावलं. आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच.

झिऱ्यात उतरायच्या पाळ्या होत्या, एक दिवस मी, एक दिवस शकुन. पाणी रोज खाली जाई, खड्डा रोज खोल होई. चौथ्या दिवशी शकुनला पडसं झालं म्हणून मीच उतरलो, तेव्हा तो पुरुषभर खोल झाला होता. आत असताना माझ्या पाठीमागे काडी कटकन मोडली. मी वर आलो आणि कोणाला काही बोललो नाही. पाचव्या दिवशी माझी पाळी. मी पोट धरून बसलो आणि शकुनच्या कानात सांगितलं, माझ्याऐवजी उतर, खरबुजाची मोठी फोड तुझी.

ती उतरली. फोड घेऊन मी वर उभा राहिलो.

दोन गडू वर आले. तिसऱ्याला काड्या मोडायला लागल्या, एक, मग चार, मग मोजता येईनात. डालं एका अंगानं फाटलं आणि वाळू आत ओतली गेली. शकुन छातीपर्यंत गाडली गेली. ती ओरडली नाही. वाटीचा हात वर धरून नुसती आमच्याकडे बघत राहिली.

मामाजी धावत आले. त्यांचा पाय काठावर पडला तशी टोपलीभर वाळू आणखी घसरली. आता वाळू खांद्यांवर आली. दोन्ही आया पुढे झेपावल्या.

"कोणी हालू नका," माणिक म्हणाली. "मामाजी, तुमच्या पायानं वाळू जाते."

मामाजी जिथल्या तिथं थांबले. पाऊल त्यांना पुढे टाकवेना, मागे घेववेना. माणिक पार्बताबाईच्या झोपडीकडे पळाली, तर म्हातारी आधीच आपल्या झोपडीचा कुड, तुराट्यांची विणलेली भिंत, उपसत होती. दोघींनी तो ओढत आणला आणि हलकेच काठावर आडवा टाकला. माणिक त्याच्यावर पालथी झाली. दोन्ही आयांनी मागून तिचे पाय धरले. ती सरकत सरकत अर्धी आत लोंबली. कुड वाकला, कुरकुरला, पण मोडला नाही. पार्बताबाईनं दुसरा कुड मोडून त्याचा तुकडा शकुनच्या पाठीमागे खुपसली, म्हणजे तिकडची वाळू अडेल. तरी वाळू सुळसुळतच होती. हनुवटीला लागली. माणिक गडूनं उपसत होती, ती उपसे त्याच्या निम्मी परत येत होती.

"शकुन, माह्याकडे पाह्य. तोंड मीट. नाकानं श्वास घे."

शकुननं माणिककडे पाहिलं नाही. तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चंद्रभान, माही फोड खाऊ नको."

माणिकनं मान वळवून मला बघितलं. माझं पोट खोटंच दुखत होतं आणि पाळी मी फोडीवर विकली, हे तिला त्या क्षणी कळलं. माझ्या आईला कळलं नाही. माणिक पुन्हा आत वाकली आणि म्हणाली, "नाई खात तो. मी पाहून राहिली ना."

राहुटीची सावली हातभर सरकली तेव्हा शकुनचे दोन्ही दंड मोकळे झाले आणि मग ती एकदम, बुडत्या मडक्यासारखा आवाज करत वर आली. डाव्या पायातला वाळा खालीच राहिला. तो कोणी मागितला नाही. मी फोड पुढे केली. तिनं वाळूसकट खाल्ली.

संध्याकाळी पार्बताबाईची झोपडी मामाजींनी स्वतः बांधली. बांधता येत नव्हती, म्हातारीनं तीनदा सोडायला लावली. पुढच्या साली त्यांच्या रानात तुरीच्या ओळी परत आल्या. नंतर ती लढाई संपली, कापूस उतरला, बैलांची शिंगंही पहिल्यासारखी झाली.

माणिकबाई दर उन्हाळ्यात तुराट्यांची दोन डाली विणते आणि दर्यापूरच्या गाडीवानाबरोबर पूर्णेवर धाडते. शकुन आता अकोल्याला असते, सुना आल्या तिला. मे महिन्यात बहिणीकडे आली की आधी माझ्या ओट्यावर बसून खरबूज मागते. पाळीची गोष्ट मात्र माणिकबाईनं आजवर कोणाला सांगितली नाही, आपल्या आईलाही नाही. गल्लीतलं एवढं एकच गुपित माझ्या हातून फुटलेलं नव्हतं, ते आज फोडलं.

तूर कापली की भिंतीपलीकडून हाक येते, "चंद्रभान, तुयी पाळी हाय." मग मोळी खांद्यावर घ्यायची आणि शिडी चढायची. यंदा गुडघा धरला होता, म्हणून मी म्हटलं, माझा पोरगा चढवील. माणिकबाई भिंतीवरून नुसती बघत राहिली.

मी चढलो.