पस्तिसाचा धुरा

आमच्या पक्के सरांना शिव्या खायला आवडायच्या. माणसांच्या नव्हे, कम्पायलरच्या. प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवता उतरवता त्यातल्या चुका छापून देणारा हा कम्पायलर राहायचा नागपूरच्या एका संगणक केंद्रात, आणि आम्ही वाशीमच्या कॉलेजात. सत्तरच्या दशकात आमच्याकडे कॉम्प्युटर कोणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. चौकटींच्या कागदावर लिहिलेले आमचे प्रोग्राम कोणाच्या तरी पिशवीतून एस.टी.ने जायचे आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी चुकांची माळ घेऊन परत यायचे. आमची तोंडं पडायची. सर मात्र खुलायचे. "बोंबलला रे बोंबलला! जो बोंबलते तो आपला मानूस. चुकी पाहून जो गप राह्यते, त्याले भ्या!"

सर अनसिंगचे, शिकवायचे गणित. कुठल्याशा सुट्टीतल्या शिबिरात त्यांना प्रोग्रामिंगचं वेड लागलं आणि कॉलेज सुटल्यावर ते हा जादा वर्ग घेऊ लागले. त्यांचं खरं आडनाव अर्ध्या गावाला ठाऊक नव्हतं. "पक्कं, का बदलतं?" हा त्यांचा प्रश्न, त्यावरून ते पक्के सर. कंडक्टर म्हणाला, रिसोडची गाडी येतेच आहे, की सर विचारणार, "पक्कं, का बदलतं?"

त्या प्रश्नावरच त्यांचं सगळं प्रोग्रामिंग उभं होतं. "वावरातलं पीक बदलते. यंदा तूर, पुढच्या साली ज्वारी. धुऱ्याचा, दोन वावरांमधल्या हद्दीचा दगड बदलत नाई. प्रोग्राम लिवताना आधी ठरवा, पीक कोन्तं अन् दगड कोन्ता." एकाने पाच या आकड्यातच सहा भरायला सांगितलं होतं. कम्पायलरने त्या ओळीला लाथाडलं. सर म्हणाले, "बरोबर लाथाडलं. पाच हा दगड हाय. त्याच्यात सहा कायले कोंबून राह्यला बे?"

या खटाटोपाचा उपयोग काय, असं प्राचार्यांनी एकदा विचारलंच. सरांनी पहिल्या वर्षाचा निकाल कॉम्प्युटरवर लावून दाखवायचं कबूल केलं. जमलं तर वर्ग चालू, नाही तर बंद. प्रोग्राम सरांनी स्वतः लिहिला. पासाला पस्तीस, कबड्डीच्या संघातल्या मुलांना तीन गुणांची सूट. निकाल आला तो कम्पायलरच्या एकाही तक्रारीशिवाय. प्राचार्य खूश, आम्ही खूश. आडनावांच्या इंग्रजी अक्षरक्रमाने मी अगदी शेवटी, आणि रसायनशास्त्रात तीस मिळूनही पास! यंत्रयुगावर माझी श्रद्धा बसली ती त्या दिवशी.

सर तेवढे चिडचिडे झाले होते. "एक बी शिवी नाई? आन् वानखडे, तू रसायनात पास? कसा काय बे?"

व्हरांड्यात बसून त्यांनी प्रोग्राम ओळीओळीने तपासला आणि कपाळाला हात लावला. सूट देणारा भाग पस्तिसातून तीन वजा करत होता. पण उरलेले बत्तीस तो यंत्राने जिथे पस्तीस ठेवले होते, त्याच जागी परत ठेवत होता. त्यापुढे यंत्राला पस्तीस म्हणजे बत्तीस. आणखी एक कबड्डीपटू आला की एकोणतीस, आणि यादीच्या शेवटी माझ्यापर्यंत येईतो तीसवालाही पास. हेच उघड लिहिलं असतं तर कम्पायलर ओरडला असता. असं आडवाटेने केलेलं त्याला दिसलंच नाही. "नांगरता नांगरता धुरा सरकवला मी," सर म्हणाले.

प्राचार्यांनी समजूत घातली. पोरं खूश आहेत, यंत्रावर कोण शंका घेणार? शिवाय हे कळलं तर वर्ग बंद करावा लागेल. सर म्हणाले, "करा बंद. पस्तीस म्हंजे पस्तीस. दगड मी हलवला, मीच जागेवर ठेवतो."

निकाल हाताने लागला. वर्ग बंद झाला आणि मी नापास. मी सरांशी बोलणं सोडलं, तर तेच रसायनशास्त्राचं पुस्तक घेऊन माझ्या खोलीवर हजर. "राग येऊ दे. पन तीस हे तुयं पीक हाय, ते वाढवता येते. चाल, बस." त्यांनाही रसायन धड येत नव्हतं. आम्ही दोघे मिळून शिकलो, आणि पुढच्या वर्षी मी धुरा ओलांडून चांगला पुढे गेलो. एवढं प्रेम माझ्यावर माझ्या सख्ख्या काकानेही केलं नाही.

पुढे मी प्रोग्रामिंगवरच पोट भरलं. भाषा बदलल्या, कम्पायलर शहाणे झाले. एकदा पक्कं म्हणून सांगितलेलं आडवाटेनेही कोणी बदलू पाहिलं, की ते आता ओरडतात. माझ्या हाताखालची पोरं त्यावर कुरकुरतात, मग मी त्यांना धुरा समजावून सांगतो.

सर थकल्यावर मी अनसिंगला गेलो होतो. त्यांचाच तो निकालाचा प्रोग्राम नव्या भाषेत लिहून, पस्तीस पक्के सांगून, कम्पायलरला दिला होता. त्याने जे छापलं ते सोबत नेलं. सूट देणाऱ्या ओळीवरच बोट! सरांनी चष्मा पुसून वाचलं आणि खाटेवर उठून बसले. "बोंबलला रे! आन् बराबर तिथंच!" मग हळूच म्हणाले, "तवाच बोंबलला असता, तर आपला वर्ग वाचला असता."

वर्ग गेल्याचं त्यांना इतकं लागलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"वर्ग चालूच हाय सर," मी म्हणालो. "मी घेतो. फक्त जागा बदलली."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "आन् पस्तीस?"

"पक्के."